राणीमहालातली तिसरी रांग

ताईने जितके दरबार पाहिले तितके कुठल्या खऱ्या राजानेही पाहिले नसतील. पण एकाही दरबारात तिला बसायला मिळालं नाही. ती आपली उभी. कधी पंखा धरून, कधी परडी धरून, कधी नुसतेच हात बांधून. सिनेमात राजा-राणीच्या मागे पन्नास-साठ माणसं उगाच उभी असतात, ज्यांच्याकडे आपण चुकूनही बघत नाही, त्यांतली ती एक. लग्नानंतर लवकरच तिने हे काम धरलं, ते पन्नाशी उलटली तरी सोडलं नाही. नवरा बस दुरुस्तीच्या कारखान्यात होता. तो तिला 'दरबारी' म्हणायचा. "काय दरबारी, आज कोणाचं राज्य?" असं रोज सकाळी विचारून डबा उचलायचा, आणि तीही तोऱ्यात सांगायची, "कपडे अंगावर चढले की कळेल."

या कामात नेमकं काय यावं लागतं, असं कुणी विचारलं तर लोक हसतील. उभं राहायला काय लागतं? पण तास-तास उभं राहून बघा. नाक खाजतंय, पायाला मुंग्या आल्यात, आणि तरी हलायचं नाही. मान वळवायची तर बातच नको. मागे भिंत कोसळली तरी 'कट' ऐकू येईपर्यंत जिथे बघायला सांगितलंय तिथेच बघायचं. माणसं पुरवणाऱ्याला सगळे मुकादम म्हणत. तो नव्या बायकांना ताईकडे सोपवायचा, आणि ताई त्यांना एका दमात शिकवून मोकळी व्हायची: "पहिल्या रांगेत पोट आत घ्यायचं. दुसरीत जांभई द्यायची नाही. तिसरीत काय वाटेल ते करा, तिसरी रांग पुसट असते." कॅमेऱ्याला एका वेळी एकच माणूस नीट दिसतं, बाकीचे धुक्यात; आणि ते धुकं कुठून सुरू होतं हे ताई नुसतं लेन्सकडे बघून सांगायची. तिचा अंदाज कधी चुकला नव्हता.

एवढ्या सगळ्या वर्षांत ती स्वतः मात्र धुक्यातून बाहेर आली नव्हती. फक्त एकदा, स्वच्छ, पापण्या मोजता येतील असा आपला चेहरा पडद्यावर दिसावा, एवढीच तिची इच्छा होती. संवाद नको, नाव नको. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, तो चेष्टा करत सुटला असता. सांगितलं होतं फक्त एकीला, बेबीला.

बेबी म्हणजे तिची धाकटी बहीण. चाळिशी मागे पडली, केस पांढरे व्हायला लागले, पण घरात बेबी ती बेबीच. ताईचं बेबीवर प्रेम होतं, यात काही खोटं नाही. बेबीचं बाळंतपण तिने केलं, बेबी आजारी असताना उशाशी बसली. पण बेबीचं काही चांगलं झालं, की ताईच्या पोटात बारीक दुखायला लागायचं. लहानपणापासूनचं दुखणं ते. शाळेच्या नाटकात ताईला राणीचं काम मिळालं होतं. सगळं पाठ, चालणंसुद्धा बसवलेलं. आणि आयत्या वेळी पुठ्ठ्याचा मुकुट तिच्या डोक्यात शिरेना. डोकं मोठं! बाईंनी इकडे तिकडे बघितलं, समोर प्रेक्षकांत बसलेली धाकटी दिसली, तिच्या डोक्यावर मुकुट ठेवून बघितला तर तिच्यासाठीच केल्यासारखा बसला. झालं. बेबी राणी झाली, आणि ताई पडद्याआड उभी राहून तिला वाक्यं सांगत राहिली. आई त्या दिवशी म्हणाली, "असू दे गं, बहीणच आहे ना तुझी?" बहीण होती म्हणून तर झोंबलं. परक्या मुलीला मुकुट बसला असता तर ताई दोन दिवसांत विसरली असती.

बेबी आणि तिच्या नवऱ्याचं इस्त्रीचं दुकान होतं. दोघं आयुष्यभर कोळशाची जड इस्त्री फिरवत आली. मग ती इमारतच पाडली, दुकान गेलं, नवरा एका गोदामावर पहारेकरी झाला आणि बेबी घरात बसून सुकायला लागली. ताईला बघवेना. तिनेच मुकादमाला गळ घालून बेबीला कामाला आणलं, स्वतःच्या शेजारी उभं केलं. "मी करते तसं कर, जास्त शहाणपणा नको," म्हणाली. बेबीने सगळं मुकाट्याने ऐकलं. ताई सांगेल ते बेबी ऐकायचीच.

त्या वर्षी एका भल्यामोठ्या दरबारी सिनेमाचं काम निघालं. बंद पडलेल्या सूतगिरणीच्या शेडमध्ये अख्खा राजवाडा उभा केला होता. खांब थर्माकोलचे, पण वर असा सोनेरी मुलामा की हात लावावा तर बोटं सोनेरी होऊन यायची. फरशी संगमरवर दिसावी म्हणून रंगवलेली. तिला ओरखडा पडू नये म्हणून शॉट सुरू होईपर्यंत सरदार, प्रधान, सेनापती, दासी, सगळे पायांत मोजे चढवून घसरत घसरत चालायचे. राणी करणाऱ्या नटीचा पोशाख इतका जड होता, की तो घालून तिला खाली बसता येत नसे. तिच्यासाठी एक तिरकी फळी केली होती आणि दोन शॉटच्या मध्ये तिला त्या फळीला शिडीसारखी टेकवून ठेवत. ताईने असे पैसे ओतलेले कधी पाहिले नव्हते. झुंबर बघून ती बेबीला म्हणाली, "मेलं, इथे उभं राहायचं तरी सार्थक आहे."

आणि मग एक बातमी फुटली. राणीमहालाचा एक मोठा प्रसंग होता. राणीचा शृंगार चाललाय, आणि निरोप येतो की राजा दुसरी राणी घेऊन येतोय. राणी काही बोलत नाही, आरशात बघत राहते. तो आरसा धरायला तिच्या बाजूला एक दासी हवी होती. वयस्क, साधी, राणीच्या खांद्याशी जिचा चेहरा दिसेल अशी. 'दिसेल' हा शब्द ताईने ऐकला आणि तिची झोप उडाली. इतक्या वर्षांची माहितगार, वय जुळतंय, चेहरा साधा. आपल्याशिवाय घेणार कुणाला? तिने केस नीट धुतले. नवऱ्याला न सांगता आरशासमोर उभी राहून दुःखी दिसायचा सराव केला.

माणसं निवडायला एक असिस्टंट मुलगी आली. तिच्या गळ्यात कायम शिट्टी असायची म्हणून तिचं नावच शिट्टीवाली पडलं होतं. तिने ताईला पुढे बोलावलं, अगदी पहिली ताईलाच, आणि हातात आरसा दिला. खऱ्या काचेचा, पितळी चौकटीचा, पाट्यासारखा जड. ताईने तो उचलला, छातीसमोर धरला, चेहऱ्यावर ठेवणीतलं दुःख आणलं. आणि तिचे हात कापायला लागले. तिने दात आवळले, कोपर पोटाला टेकवलं, तरी आरशातलं झुंबर लटलट हलत राहिलं.

"नको मावशी, राणी हलताना दिसेल," शिट्टीवाली म्हणाली. अजून दोघी-तिघींना देऊन बघितला, त्यांचंही तेच. मग तिची नजर बेबीवर पडली. "तुम्ही बघा."

बेबीने आधी ताईकडे बघितलं. मग आरसा घेतला आणि धरून उभी राहिली. शिट्टीवाली कुणाशी तरी फोनवर बोलून आली, चहा पिऊन आली, बेबी तशीच. आरसा भिंतीला ठोकल्यासारखा गप्प. "हात कसले आहेत हो तुमचे!" शिट्टीवाली म्हणाली. बेबी लाजली. "इस्त्रीचे," म्हणाली.

ताई हसली, बेबीच्या पाठीवर थापही मारली. पण आतून तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पुन्हा तोच मुकुट! मी आणलं हिला. मी शिकवलं. काल आलेली ही बया, हिला लेन्स कशाला म्हणतात ते ठाऊक नाही, आणि ही राणीच्या खांद्याशी! घरी गेल्यावर नवऱ्याने विचारलं, "आज कोणाचं राज्य होतं?" तर तिने भांडं असं आदळलं की तो बिचारा बूटही न काढता पुन्हा बाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बेबी कपडे घालून तयार होऊन ताईकडे आली. "ताई, मला भीती वाटतेय गं. तोंड कसं ठेवू? कुठे बघू?"

ताईला उत्तर माहीत होतं. हनुवटी जरा वर, नजर राणीच्या गालावर, उजेड समोरून येतोय तो तोंडावर घ्यायचा. एवढं सांगितलं असतं तर बेबीचं सोनं झालं असतं. ताईने तिच्या पोशाखाची बाही नीट केली आणि म्हणाली, "मान खाली ठेव. दासी आहेस तू, वर बघणं शोभत नाही. शॉट संपेपर्यंत मान अजिबात वर करायची नाही."

"अजिबात नाही," बेबी म्हणाली. तिला किती हायसं वाटलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

ताईला पंखा देऊन राणीच्या मागे, तिसऱ्या रांगेत उभं केलं. समोर राणी, राणीच्या अंमळ उजवीकडे बेबी, आणि त्यांच्यापलीकडे कॅमेरा. दिवे लावायला वेळ लागत होता. नटी फळीला टेकून कंटाळली होती. तिने बेबीशी गप्पा सुरू केल्या. काय बोलत होत्या ते ताईला ऐकू येईना, नुसतं दिसत होतं. राणी हसली, बेबी हसली. राणीने स्वतःच्या बाटलीतलं पाणी बेबीला दिलं. राणीने बेबीच्या कपाळावरची बट स्वतःच्या बोटांनी मागे सारली. आजवर किती राण्यांच्या मागे ताई उभी राहिली. त्यांतल्या एकीनेही वळून तिचं तोंड बघितलं नव्हतं.

शिट्टी वाजली. सगळे गप्प झाले. निरोप घेऊन येणारा माणूस आला, राणीला वाकून सांगून गेला, आणि राणी आरशात बघत राहिली.

ताईने लेन्सकडे एक नजर टाकली. मोठी लेन्स, राणी जवळ. म्हणजे दुसऱ्या रांगेपासूनच धुकं. आपण तर तिसरीत. आपल्याला आज देवसुद्धा बघू शकत नाही. आईसमोर चेहरा आवरायचा, बेबीसमोर आवरायचा, नवऱ्यासमोर आवरायचा, यातच तिचा जन्म गेला होता. इथे मात्र पक्का आडोसा होता. तिने बेबीच्या मानेकडे डोळे लावले आणि चेहरा मोकळा सोडला. जे काही साचलं होतं ते सगळं वर येऊ दिलं. मर मेली, असं ती मनात म्हणाली. खरंच म्हणाली. हात कापू देत तुझे. पडू दे आरसा.

आरसा पडला नाही. 'कट' झालं. समोर दिग्दर्शक मॉनिटरवर वाकला होता. बेबीची मान इतकी खाली, की राणीच्या खांद्याशी चेहऱ्याच्या जागी नुसता भांग दिसत होता. तो थोडा वैतागलेला वाटला. मग अचानक तो मॉनिटरच्या आणखी जवळ गेला, बराच वेळ तसाच बघत राहिला आणि कॅमेरामनच्या कानात काहीतरी बोलला. कॅमेरामनने लेन्सवरचं कडं जरासं फिरवून बघितलं. ताईला हे दिसलं, पण तिला वाटलं, राणीसाठी चाललंय.

"पुन्हा एकदा," दिग्दर्शक म्हणाला. "सगळ्यांनी अगदी तसंच. कुणी काही बदलू नका."

ताईने अगदी तसंच केलं. तिला काही कष्ट पडले नाहीत.

सिनेमा लागेपर्यंत बेबीने अख्ख्या इमारतीला सांगून ठेवलं होतं. ताई वरवर म्हणायची, "जास्त गवगवा करू नकोस गं, कापतातसुद्धा कधी कधी," आणि आतून त्याचीच वाट बघायची. पहिल्याच आठवड्यात चौघं मिळून गेले, ताई आणि तिचा नवरा, बेबी आणि तिचा नवरा. बहिणी मध्ये, शेजारी शेजारी. राणीमहालाचा प्रसंग जवळ आला तशी बेबीने अंधारात ताईचा हात घट्ट धरला.

पडद्यावर आरसा आला. त्याच्या चौकटीवर दोन हात. मनगटावरचा इस्त्रीचा जुना डाग रंग लावूनही लपला नव्हता. त्यापुढे भांग. बाकी काही नाही. राणीचा चेहरा पडदाभर झाला आणि बेबी चौकटीबाहेर गेली.

"माझे हात!" बेबी कुजबुजली. "ताई, बघितलेस? माझे हात!" तेवढ्यावर खूश होती ती. ताईच्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं. तिने बेबीचा हात प्रेमाने दाबला. हात दिसले, चेहरा नाही. आता बहिणीवर प्रेम करायला तिला काहीच अडचण नव्हती.

तेवढ्यात राणी पुसट व्हायला लागली. डोळे, नाक, दागिने, सगळं विरघळत गेलं आणि तिच्या खांद्यामागून दुसरा एक चेहरा वर आला. आधी डाग, मग आकार, मग स्वच्छ. पापण्या मोजता येतील इतका स्वच्छ.

ताईला तो ओळखायला एक क्षण लागला. मग ती आनंदाने खुर्चीत पुढे सरकली. मी! ही मी आहे! नवऱ्याने कोपराने ढोसलं, "दरबारी! अगं, तू!" आणि त्याच्या पाठोपाठ तिला त्या चेहऱ्यावर काय आहे ते दिसलं. ओठ एका बाजूला किंचित ओढलेले. नाकपुड्या फुगलेल्या. आणि डोळे! एखाद्याचं वाटोळं झालेलं बघायला बसलेल्या माणसाचे असतात तसे डोळे. घराच्या भिंतीएवढा तो चेहरा पडद्यावर थांबला, आणि थांबूनच राहिला.

मागच्या रांगेतून एक बाई हळूच म्हणाली, "ही काहीतरी करणार बघ राणीला."

ताई राणीला काही करणार नव्हती. तिची नजर राणीवर नव्हतीच. राणीच्या अंमळ उजवीकडे होती. हे त्या भरल्या अंधारात फक्त दोघींना माहीत होतं.

बेबीने हात झटकला नाही. तिने तो सैल सोडला, इतकंच. थोडा वेळ तो तसाच ताईच्या हातात पडून राहिला, मग तिने तो काढून स्वतःच्या मांडीवर ठेवला. शेवटाकडे राणीला कुणीतरी विष घालतं. कुणी ते सिनेमात सांगत नाहीत. राणी कोसळते, आणि पडद्यावर पुन्हा एकदा ताईचा चेहरा येतो. "हीच ती! म्हटलं नव्हतं मी?" मागची बाई ओरडली, आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

बाहेर पायऱ्यांवर लोकांनी ताईला ओळखलं. एकाने फोटो काढून घेतला. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाई, एक शब्द न बोलता केवढा अभिनय केलात!" नवऱ्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते, तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "आमच्या मंडळी बरं का!" हे सगळं ताईला हवं होतं, अगदी असंच हवं होतं, आणि ती चोरासारखी बेबीकडे बघत होती.

पुरुष पुढे गेले तेव्हा बेबी बोलली. "ताई, तिथे तर मी उभी होते."

"कुठे?"

"तू बघत होतीस तिथे."

"अगं, ते... दिग्दर्शकाने सांगितलं होतं तसं बघायला. सिनेमात असतं ते."

"तिसऱ्या रांगेला कोण काय सांगतं, ताई? तूच म्हणतेस ना?"

ताईने बेबीच्या खांद्यावर हात ठेवला. बेबी हलली नाही, रागावलीही नाही. मनगटावरच्या इस्त्रीच्या डागावर अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "आणि मान खाली ठेवायला मला कुणी सांगितलं होतं?"

तिने उत्तराची वाट बघितली नाही. पुढे होऊन ती नवऱ्याबरोबर चालायला लागली.

त्यानंतर भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं ताईला वाटत राहिलं. बेबी पूर्वीसारखीच येते, ताईचा डबा विसरला तर आपला पुढे करते, 'ताई' म्हणते. ताईला आता मुकादम पहिल्या रांगेत उभं करतो. कॅमेऱ्याजवळ, जिथे धुकं पोचत नाही तिथे. इमारतीतली पोरं तिला 'विषवाली' म्हणून चिडवतात आणि ती हसते.

फक्त एक गोष्ट बदलली. सिनेमा बघितल्यानंतर कामाच्या पहिल्याच दिवशी बेबी मुकादमाकडे गेली आणि म्हणाली, "मला ताईच्या मागे उभं करा." तेव्हापासून ती तिथेच असते, तिसऱ्या रांगेत, बरोबर ताईच्या पाठीशी. शॉट सुरू होतो, दिवे तोंडावर येतात, ताई हनुवटी जरा वर उचलते. तिचा चेहरा स्वच्छ दिसत असतो. आणि मानेवर तिला बेबीची नजर जाणवते. ती नजर कशी आहे ते ताईला ठाऊक नाही. 'कट' झाल्यावर ती वळून बघते तोवर बेबीची मान खाली असते.